इशारा पातळीलाच हलायचे : साथीच्या काळात कोल्हापुरातून समुद्रमार्गे माल पाठवताना

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर पोहोचले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर पोहोचले की धोका पातळी, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही पाठ असते. नदीकाठची माणसे ४३ फुटांची वाट पाहत नाहीत. इशारा मिळाला की जनावरे सोडतात, धान्याची पोती माळ्यावर चढवतात आणि घरातल्या म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोहोचवतात. समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारखानदारांना मात्र साथीच्या बाबतीत ही सवय नव्हती. मार्च २०२० मध्ये शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत तयार कास्टिंगच्या (ओतीव धातूच्या भागांच्या) पेट्या एकावर एक रचलेल्या राहिल्या आणि ‘जहाजे बंद झाली काय?’ एवढाच प्रश्न आम्ही एकमेकांना फोनवर विचारत राहिलो.

तो प्रश्नच चुकीचा होता, कारण जहाजे बंद झालीच नव्हती. मी शिरोलीतील एका फाउंड्रीचे निर्यातीचे काम सांभाळतो. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत जे उशिरा कळले, ते पुढच्या वेळी वेळेवर कळावे म्हणून ही पद्धत क्रमाने लिहून ठेवत आहे. उदाहरणे बहुतेक कास्टिंगची असली तरी गूळ, साखर, कापड किंवा कोल्हापुरी चपला पाठवणाऱ्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडतो.

पहिली पायरी : नेमके काय थांबते ते ओळखणे

जगातील व्यापाराचा सुमारे ८० टक्के माल, वजनाच्या हिशेबाने, समुद्रातून जातो. २०२० या वर्षात हा समुद्री व्यापार संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या आकडेवारीनुसार केवळ ३.८ टक्क्यांनी घटला. म्हणजे लोखंडी जहाज चालतच होते. थांबली होती ती माणसे. जहाजावरचे खलाशी, जहाज बंदरात आणणारा पायलट, क्रेन चालवणारा, कंटेनर ओढणारा ट्रकचालक, सीमाशुल्काची कागदपत्रे करणाऱ्या एजंटाचा कारकून आणि बँकेची कागदपत्रे नेणारा कुरिअरवाला या साखळीतला एकही माणूस घरी बसला की पुढचे सगळे अडते. म्हणून साथीच्या काळातील नियोजन जहाजाच्या वेळापत्रकावर न आखता या माणसांवर आखावे लागते.

बंदरावर आरोग्याची अडवणूक कशी होते, तेही समजून घ्यावे. बंदरात शिरण्यापूर्वी कप्तानाला जहाजावरील आजारपणाचे घोषणापत्र द्यावे लागते आणि बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याने संमती दिल्याशिवाय कोणी उतरू किंवा चढू शकत नाही. जहाजावर फडकणारा पिवळा झेंडा पाहून अनेकांना वाटते की आत रोग आहे. आजच्या संकेतानुसार त्याचा अर्थ उलट आहे, म्हणजे ‘जहाज निरोगी आहे, प्रवेशाची संमती द्यावी’. ही व्यवस्था जुनी आहे. १३७७ मध्ये रागुसाने, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिकने, बाधित ठिकाणांहून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला आणि पुढे ते तीस दिवस चाळीस झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा मुंबईच्या जहाजांच्या भीतीनेच १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. २०२० मध्ये अनेक बंदरांनी बाधित बंदर सोडून चौदा दिवस झाल्याखेरीज जहाज धक्क्याला घेतले नाही. लांबच्या प्रवासात हे चौदा दिवस समुद्रातच सरतात, पण कोलंबो किंवा दुबईच्या जेबेल अलीसारख्या जवळच्या बंदरापर्यंतच्या प्रवासात ते सरत नाहीत आणि जहाज नांगर टाकून उभे राहते. आपल्याकडचा बराच माल अशा एखाद्या बंदरात मोठ्या जहाजावर चढतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

दुसरी अडवणूक रिकाम्या कंटेनरची. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात आपल्याला मिळणारा रिकामा कंटेनर हा कोणाचा तरी आयात माल उतरवून मोकळा झालेला कंटेनर असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधील कारखाने थांबले, शिपिंग लाइननी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, फेऱ्या रद्द केल्या, आपल्या टाळेबंदीत आयात घटली आणि त्यामुळे आपल्याकडे मोकळे होणारे कंटेनरही घटले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि युरोपमध्ये घरबसल्या खरेदीची लाट आली. तिकडे गेलेले कंटेनर तिकडच्या गोदामांत आणि बंदरांत अडकले आणि जे रिकामे परतत होते, ते लाइननी जास्त भाडे मिळणाऱ्या चीनकडे आधी वळवले. ड्र्यूरी या संस्थेच्या जागतिक निर्देशांकानुसार ४० फुटी कंटेनरचे सरासरी भाडे २०१९ मध्ये सुमारे १,४०० डॉलर होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,३७७ डॉलरवर गेले. हा निर्देशांक मुख्यतः शांघायहून निघणाऱ्या मार्गांचा आहे, न्हावा शेव्याचा नाही. तरीही तिकडे पाणी चढले की इकडे फुगवटा येतोच, हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट बंदरांची. मे-जून २०२१ मध्ये शेन्झेनचे यांटियान बंदर जवळपास महिनाभर मंदावले. ऑगस्टमध्ये निंगबोचे मेइशान टर्मिनल एका कामगाराच्या बाधेमुळे सुमारे दोन आठवडे बंद राहिले. जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांसाठी शंभराहून अधिक जहाजे रांगेत होती. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ सहा दिवस अडकले, त्याचा रोगाशी संबंध नव्हता, पण आधीच ताणलेल्या साखळीवर तो ताण येऊन पडला.

दुसरी पायरी : आपले गेज लावणे

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. ‘महासाथ’ हा शब्द ११ मार्चला वापरला गेला आणि आपल्याकडे टाळेबंदी २५ मार्चपासून आली. म्हणजे इशारा आणि टाळेबंदी यांत पंचावन्न दिवस होते. हे पंचावन्न दिवस आम्ही नेहमीसारखेच काम करण्यात घालवले, याची मला आजही खंत वाटते. आता आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २०२४ मध्ये सुधारणा होऊन ‘महासाथीची आणीबाणी’ ही आणखी वरची पायरी आली आहे आणि ती सुधारणा १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आपल्यासाठी पहिली आणीबाणी हेच ३९ फूट समजावे आणि दुसरी हेच ४३ फूट.

मात्र केवळ जिनिव्हाकडे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेकडे, पाहून भागत नाही. दर सोमवारी सकाळी एका वहीत चार नोंदी कराव्यात. आपल्या मार्गावरील किती फेऱ्या लाइनने रद्द केल्या, रिकामा कंटेनर मागितल्यापासून किती दिवसांनी मिळाला, आपले किती बुकिंग पुढच्या जहाजावर ढकलले गेले आणि मधल्या बंदरात माल किती दिवस पडून राहिला, या त्या नोंदी. सलग तीन आठवडे यांतील दोन आकडे वाढत राहिले, तर बातम्या काहीही सांगत असोत, पाणी चढते आहे. आमच्याकडे ही वही फॉरवर्डरशी, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या एजंटाशी, बोलणारा मुलगा लिहितो आणि मालक ती शनिवारी पाहतात. संगणकावर ठेवली तरी चालेल, पण पाहणारा माणूस ठरलेला हवा.

इशारा पातळीला करण्याची कामे थोडी आणि स्पष्ट आहेत. परदेशी ग्राहकाला पत्र पाठवून त्याच्याकडील साठा विचारावा. सर्वांत निकडीचे भाग कोणते ते त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. पुढच्या सहा आठवड्यांचे बुकिंग आजच मागावे. पॅकिंगचे सामान दोन महिन्यांचे भरून ठेवावे. बँक, विमा कंपनी आणि सीमाशुल्क एजंट या तिघांकडे ‘तुमचे कार्यालय बंद पडले तर आमचे काम कोण आणि कसे करील’ हे लेखी विचारावे. हा शेवटचा प्रश्न विचारायला लोकांना अवघड वाटते, पण आमच्या बाबतीत सर्वांत जास्त दिवस त्याच ठिकाणी गेले होते.

तिसरी पायरी : करारातील शब्द तपासणे

कंटेनरचा माल एफओबी (फ्री ऑन बोर्ड) अटीवर विकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची असते, आणि साथीच्या काळात तर फाटकातून आत गेलेला कंटेनर बंदराच्या यार्डात आठवडेच्या आठवडे पडून राहतो. त्या काळात माल ना आपल्या ताब्यात असतो, ना ग्राहकाच्या जबाबदारीवर. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींच्या संचातील एफसीए (फ्री कॅरिअर) अट कंटेनरसाठी अधिक योग्य आहे, कारण तीत ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हाती माल दिला की जोखीम सरते. जुने ग्राहक याला लगेच तयार होत नाहीत. शांततेच्या काळात, दरवाढीच्या बोलणीबरोबर हा विषय काढला तर मान्य होतो, असा माझा अनुभव आहे.

दैवी आपत्तीच्या कलमाबद्दल फार गैरसमज आहेत. १९ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कोरोनामुळे पुरवठा खंडित झाल्यास तो या कलमाखाली धरता येईल असे कळवले होते, पण ते पत्रक सरकारी खरेदीपुरते होते. दोन खासगी कंपन्यांमध्ये करारात जे लिहिले असेल तेच चालते. काहीच लिहिलेले नसेल, तर भारतीय कायदा लागू असलेल्या व्यवहारात भारतीय करार कायद्याचे कलम ५६ उरते, आणि केवळ भाडे वाढले किंवा व्यवहार तोट्याचा झाला एवढ्यावर त्याचा आधार मिळत नाही, पूर्तता अशक्यच व्हावी लागते. म्हणून कलमात साथ, विलगीकरण, बंदर बंद होणे, शासकीय मनाई आणि जहाजाची फेरी रद्द होणे हे शब्द स्वतंत्रपणे लिहावेत, सूचना किती दिवसांत द्यायची ते लिहावे आणि भाडे ठरावीक टक्क्यांपलीकडे गेल्यास वाढ कोणी किती सोसायची, तेही लिहावे. सूचना दिली नाही म्हणून हक्क बुडालेली माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा मुदतीच्या आत ई-मेल जाणे महत्त्वाचे.

चौथी पायरी : बुकिंग आणि रिकामा कंटेनर

एकाच फॉरवर्डरवर आणि एकाच लाइनवर अवलंबून राहू नये. सगळा माल एकाच जहाजावर चढवण्यापेक्षा दोन आठवड्यांत विभागावा, म्हणजे एक बुकिंग ढकलले गेले तरी ग्राहकाचे उत्पादन थांबत नाही. मात्र खोटी जादा बुकिंग करून ठेवू नयेत. २०२१ मध्ये अनेकांनी तसे केले, त्यामुळे जहाजे कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात अर्धवट अशी अवस्था झाली आणि लाइननी रद्द बुकिंगवर दंड लावला.

कास्टिंग जड असल्याने आपल्याला २० फुटी कंटेनर लागतो, कारण ४० फुटी कंटेनर जागेने भरण्याआधीच वजनाने भरतो. तुटवड्याच्या काळात लाइन ४० फुटी देऊ करते, तेव्हा हाताशी हलका माल असलेला शेजारी निर्यातदार शोधून दोघांचा माल एकत्र पाठवता येईल का, हे पाहावे. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जाहीर करणे १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे. वजनकाटा बंद पडला तर काय करायचे, हे आधी ठरवून दुसऱ्या काट्याचा पत्ता लिहून ठेवावा. साखर आणि इतर मोठ्या प्रमाणावरील माल कंटेनरशिवायही, पोत्यांनी थेट जहाजाच्या पोटात भरून जातो, तेव्हा साखर निर्यातदारांनी ही वाट खुली ठेवावी.

डिटेन्शन आणि डेमरेज यांतील फरक आपल्याकडे कारखान्याच्या मालकालाही अनेकदा माहीत नसतो. कंटेनर ठरल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस आपल्याकडे राहिला तर लाइन आकारते ते डिटेन्शन, आणि भरलेला कंटेनर बंदरात पडून राहिल्याचा आकार म्हणजे डेमरेज. नौवहन महासंचालनालयाने २२ मार्च ते १४ एप्रिल २०२० या काळातील डिटेन्शन न आकारण्याचा सल्ला शिपिंग लाइनना दिला होता आणि तो पुढे ३ मेपर्यंत वाढवला. तरीही एका लाइनचे बिल आमच्याकडे आलेच. आदेशाची प्रत, कंटेनर उचलल्याची व फाटकातून आत गेल्याची नोंद आणि रोजचे ई-मेल सलग लावून ठेवलेले होते, म्हणून ते बिल चार महिन्यांनी मागे घेतले गेले. तोंडी सांगितलेल्या गोष्टी तेव्हा काहीच उपयोगाच्या ठरल्या नसत्या.

पाचवी पायरी : दुप्पट दिवसांचे पॅकिंग

हा भाग मी थोडा विस्ताराने लिहितो, कारण येथे चूक आमचीच झाली होती. जुलै २०२१ मध्ये महापुराने पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हा आमचा एक भरलेला कंटेनर आवारातच उभा होता. वाट मोकळी होईपर्यंत जहाज गेले होते, पुढच्या जहाजावरून बुकिंग ढकलले गेले आणि मधल्या बंदरात आणखी दिवस गेले. एरवी तीन-चार आठवड्यांत युरोपला लागणारा माल अडीच महिन्यांनी उघडला गेला. ग्राहकाने पाठवलेले छायाचित्र मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वरचे दोन थर चकचकीत होते, पण खालच्या थरातील व्हॉल्व्ह बॉडींच्या यंत्रकाम केलेल्या कडेवर, लाकडी पॅलेटला टेकलेल्या बाजूनेच, हळदीसारखा पिवळट गंज एका सरळ रेषेत चढला होता. लाकूड ओले होते. पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का होता, पण तो शिक्का लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सियस तापमान तीस मिनिटे राखून किडीचा बंदोबस्त केल्याचा असतो, लाकूड कोरडे असल्याचा नसतो. शिवाय गंजरोधक पिशवीचे तोंड नुसते दुमडले होते, बंद केले नव्हते.

त्यानंतर आम्ही ठरवलेली पद्धत अशी आहे. पावसाळ्यात प्रत्येक पॅलेटची ओल मीटरने मोजायची आणि २० टक्क्यांच्या वर असेल तर ती वापरायची नाही. यंत्रकाम केलेल्या भागाला गंजरोधक तेल लावून हाताला कोरडे लागेपर्यंत थांबायचे, मग गंजरोधक पिशवी आणि तिचे तोंड उष्णतेने बंद. पॅलेट आणि माल यांच्या मध्ये जाड प्लास्टिकचा थर. कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या नेहमीच्या दिवसांच्या नव्हे, तर दुप्पट दिवसांच्या हिशेबाने टांगायच्या. कंटेनर भरण्यापूर्वी एक माणूस आत जाऊन दार बंद करून घेतो आणि छताकडे पाहतो. कोठून उजेडाचा ठिपका दिसला तर तेथून पाणीही येणार, आणि तो कंटेनर परत जातो. समुद्रात दिवसा तापलेली आणि रात्री थंड झालेली हवा छतावर थेंब धरते आणि ते थेंब मालावर गळतात, म्हणून सर्वांत वरचा थरही झाकायचा.

गुळाला हाच धोका अधिक आहे, कारण तो ओल ओढून घेतो आणि पाझरतो. चपलांच्या चामड्यावर बुरशी चढते. या दोन्ही मालांच्या बाबतीत दिवस वाढण्याची शक्यता दिसली, तर मी सरळ सांगेन की माल पाठवणे पुढे ढकलावे.

सहावी पायरी : कोल्हापूर ते न्हावा शेवा

एप्रिल २०२० मध्ये आमचा पहिला कंटेनर निघाला, तेव्हा चालक केबिनमध्ये स्टोव्ह, पाच लिटर रॉकेल, भाकरीचे पीठ आणि चटणीचा डबा घेऊन बसला होता. खंबाटकी घाटापुढे त्याला एकही ढाबा उघडा सापडला नाही. जवळपास चारशे किलोमीटरचा हा प्रवास त्याने एकट्याने केला आणि बंदराबाहेर दोन रात्री रांगेत काढल्या. परतल्यावर गावात त्याला चौदा दिवस शेतातल्या खोपटात राहावे लागले. मालाची चिंता करताना या माणसाची व्यवस्था करणे हे निर्यातदाराचेच काम आहे असे मी मानतो, आणि ती व्यवस्था झाली नाही तर दुसऱ्या खेपेला चालक मिळत नाही, हे व्यवहारातही खरे आहे.

म्हणून दोन चालक, तीन दिवसांची शिधा-पाण्याची सोय, चालकाचा विमा, रुग्णालयात दाखल करावे लागल्यास आधी दिलेली रक्कम आणि परतल्यावर विलगीकरणाच्या दिवसांचा पगार, एवढे लेखी ठरवावे. परवाना, बुकिंगची प्रत, इनव्हॉइस, ई-वे बिल आणि तपासणी अहवाल यांचे दोन संच सोबत द्यावेत. जून ते सप्टेंबर या काळात साथीबरोबर पुराचाही हिशेब धरावा लागतो. पंचगंगा ३५ फुटांवर असतानाच तयार माल पुण्याजवळच्या किंवा बंदराजवळच्या गोदामात हलवणे स्वस्त पडते.

सातवी पायरी : कागद, विमा आणि पैसा

टाळेबंदीत माल पोहोचला आणि कागद पोहोचला नाही, असे अनेकांचे झाले. मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढलेल्या मालाचा हक्काचा कागद, बँकेमार्फत कुरिअरने जाते आणि ते दाखवल्याशिवाय ग्राहकाला माल मिळत नाही. विश्वासू, जुन्या ग्राहकासाठी सी-वे बिल किंवा टेलेक्स रिलीजची, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडण्याची, सोय आधीच ठरवून ठेवावी. नव्या किंवा पैसे थकवणाऱ्या ग्राहकाला ती देऊ नये, कारण मूळ बिल हाती असणे हीच आपली एकमेव पकड असते.

लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागद दाखवल्यावर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावर, काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. माल चढवल्यापासून एकवीस दिवसांत कागद सादर करण्याचा सर्वसाधारण नियम आहे, आणि यूसीपी ६०० या त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम ३६ नुसार बँकेचे काम आपत्तीमुळे बंद असताना पत्राची मुदत संपली, तर बँक नंतर पैसे देण्यास बांधील राहत नाही. म्हणून इशारा पातळीलाच मुदतवाढीची दुरुस्ती मागून घ्यावी. निर्यातीचे पैसे देशात आणण्याची नऊ महिन्यांची मुदत रिझर्व्ह बँकेने ३१ जुलै २०२० पर्यंतच्या निर्यातीसाठी पंधरा महिने केली होती. तशी सवलत येईल असे गृहीत धरून उधारी वाढवू नये, आणि त्या वेळी लागू असलेली मुदत बँकेकडून लेखी घ्यावी. ग्राहक बुडाल्यास भरपाईसाठी ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत विमा कंपनीचे संरक्षण असते, पण ते संकट येण्याआधी घ्यायचे असते.

सागरी विम्याच्या सर्वांत व्यापक अटींमध्येही, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘अ’ मध्ये, केवळ उशिरामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. अंतिम बंदरात माल उतरल्यानंतर साठ दिवसांनी संरक्षण संपते. गोदी तुंबलेली असताना हे साठ दिवस पाहता पाहता सरतात, तेव्हा पन्नासाव्या दिवशीच विमा कंपनीला कळवून मुदत वाढवून घ्यावी. एप्रिल २०२० पासून लंडनच्या बाजारात संसर्गजन्य रोग वगळणारे कलमही आले आहे. आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी वाचून पाहावे.

आठवी पायरी : जहाजावरचा माणूस

आपल्या जिल्ह्यातील अनेक मुले व्यापारी जहाजांवर काम करतात. आमच्या गल्लीतील एक मुलगा नऊ महिन्यांच्या करारावर इंजिन विभागात गेला आणि पंधरा महिन्यांनी उतरला. फोनला रेंज मिळाली की त्याची आई एकच विचारायची, “लेकरा, घरला कवा येणार हाईस?” २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. देश त्यांना उतरू देत नव्हते, विमाने नव्हती, आणि जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपन्या खलाशी बदलण्यासाठी वाट वाकडी करू देण्यास तयार नव्हत्या. दमलेला खलाशी म्हणजे अपघाताचे निमंत्रण, त्यामुळे हा प्रश्न मालाच्या सुरक्षिततेचाही आहे.

उद्योगाने यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. ५ मे २०२० रोजी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बारा टप्प्यांची कार्यपद्धती प्रसृत केली. तीत घरातून निघणे, विलगीकरण, तपासणी, विमान, बंदर आणि जहाज या प्रत्येक टप्प्यावर कोणी काय करायचे ते ठरवले होते. भारतात २१ एप्रिल २०२० रोजीच खलाशांच्या चढ-उताराची कार्यपद्धती निघाली होती आणि कोची हे खलाशी बदलण्याचे मोठे केंद्र बनले. जहाजांवर किनाऱ्यावर उतरणे बंद झाले, बाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखली गेली आणि आजारी माणसासाठी स्वच्छतागृहासह वेगळी केबिन राखली गेली. ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ पैकी ७१२ जण बाधित झाले होते, बंदिस्त जहाजात रोग किती वेगाने फिरतो हे सर्वांना त्यावरून कळले होते.

कुटुंबांनी मुलाच्या कराराची प्रत, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि इन्डॉस (खलाशी नोंदणी) क्रमांक, भरती करणाऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक आणि जहाजाचा आयएमओ (ओळख) क्रमांक घरात लिहून ठेवावा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाला सलग अकरा महिन्यांपेक्षा जास्त काळ जहाजावर ठेवता येत नाही आणि परत आणण्याचा खर्च जहाजमालकाचा असतो. मुदत संपत आली की कंपनीला ई-मेल, उत्तर आले नाही तर नौवहन महासंचालनालय आणि खलाशांची संघटना, या क्रमाने जावे. लसीच्या बाबतीत एक जुना धडा आहे. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली, तोपर्यंत ती घेतलेल्या अनेक खलाशांना परदेशी बंदरांत अडचण आली. कोणती लस कोणत्या देशात चालते, हे घेण्यापूर्वी कंपनीकडून विचारून घ्यावे.

नववी पायरी : पाणी ओसरताना

भाडे जसे चढते तसे उतरतेही, आणि उतरताना वेगळ्या प्रकारे नुकसान होते. ड्र्यूरीचा तोच निर्देशांक २०२३ च्या सुरुवातीस सुमारे २,००० डॉलरवर आला होता. शिखरावर घाबरून वर्षभराचे दर बांधून घेतलेल्यांना ते महाग पडले. म्हणून तुटवड्यात तीन महिन्यांपेक्षा लांब दर बांधू नये आणि बाजारभावाशी जोडलेली फेरआढाव्याची अट टाकावी.

ग्राहकांच्या मागणीबद्दलही तसेच आहे. माल वेळेवर येत नाही म्हणून तिकडचे खरेदी अधिकारी दीडपट-दुप्पट ऑर्डर देतात, आपण नवे पॅटर्न आणि नव्या भट्टीची तयारी करतो, आणि समुद्रात अडकलेला सगळा माल एकाच महिन्यात त्यांच्या गोदामात उतरला की ऑर्डर थांबतात. आता आम्ही प्रत्येक मोठ्या ऑर्डरसोबत ग्राहकाकडून दोन आकडे मागतो. त्याच्या गोदामात आज किती नग आहेत आणि समुद्रात किती आहेत, हे ते दोन आकडे. ते मिळाल्याखेरीज भट्टीचे नवे वेळापत्रक लागत नाही.